फिक्स्ड गिअर / ट्रॅक सायकल: हब, रेशो, टायर काय घ्यावे? (जळगाव-भुसावळ पट्टा)

वाघूरवारा (जळगाव)

नमस्कार मंडळी. एका ओळखीच्यांकडून जुन्या रोड सायकलची स्टीलची फ्रेम मिळाली आहे. मागचे ड्रॉपआउट (चाकाचा एक्सल बसतो त्या खाचा) आडवे आहेत, त्यामुळे चेनचा ताण चाक मागेपुढे करून जमवता येईल. मागच्या दोन ड्रॉपआउटमधलं अंतर मोजलं, ते १२६ मिमी भरलं. बॉटम ब्रॅकेटची (पायडलचा धुरा बसतो ती) नळी ६८ मिमी आहे. पुढच्या चिमट्याला (फोर्कला) ब्रेकचं भोक आहे. रंग उडालाय, पण कुठे तडा नाही आणि वेल्डिंगही नाही.

या फ्रेमवर फिक्स्ड गिअर बांधायचं ठरवलंय, म्हणजे चाक फिरतं तोवर पायडलही फिरत राहतं अशी सायकल. सकाळी शहरातून निघून नशिराबादमार्गे भुसावळच्या बाजूला जायचं आणि उन्हं चढायच्या आत परत यायचं, एवढाच रोजचा वापर. थोडी तयारी झाली की पुण्याला बालेवाडीच्या व्हेलोड्रोमवर (सायकल शर्यतींच्या ट्रॅकवर) एकदा तरी चालवायची मनापासून इच्छा आहे.

आता अडचण सांगतो. इथल्या एका दुकानात विचारलं तर ते म्हणाले, "कशाला बाहेरून हब मागवता? साधं फ्रीव्हील वेल्ड करून देतो, झालं फिक्स." पैसे फारच कमी लागतील. माझा हात आखडता आहे, त्यामुळे मोह होतोय. पण आधी इथे विचारावं म्हटलं. शिवाय रेशो कोणता ठेवू आणि टायर किती रुंद घेऊ, तेही सांगा.

लेथवाला (जळगाव एमआयडीसी)

वेल्डिंग नको करजो भो. हे आधी लिहून टाकतो, कारण सांगतो मग.

फ्रीव्हील हबवर सुलट्या आट्यांनी बसतं. आपण पुढे पायडल मारतो तसं ते आणखी घट्ट आवळत जातं, म्हणून साध्या सायकलला तिथे कुलूप लागत नाही. फिक्स्ड गिअरवर आपण पाय मागे रेटून वेग कमी करतो. म्हणजे तेच दातेचक्र उलट्या दिशेला, सुटण्याच्या दिशेला ढकललं जातं. वेल्ड केलेलं फ्रीव्हील आतून जाम असतं, पण हबवर ते नुसत्या सुलट्या आट्यांच्या भरवशावर असतं. एखाद दिवशी समोर ट्रॅक्टर आला, जोरात पाय रोखले, आणि चक्र आट्यांवरून फिरलं, की पायाखालचा रोध एकदम नाहीसा होतो. त्यातच चेन उतरून चाकात अडकली तर माणूस सरळ रस्त्यावर.

खऱ्या ट्रॅक हबवर आट्यांच्या दोन पायऱ्या असतात. आतली मोठी पायरी १.३७ इंच व्यासाची, इंचाला २४ आटे, सुलटी. तिच्यावर दातेचक्र, म्हणजे कॉग. बाहेरची पायरी जरा लहान, १.२९ इंच, इंचाला २४ आटे, पण उलटी. तिच्यावर लॉकरिंग, म्हणजे कॉगला अडवून धरणारी रिंग. कॉग सुटायला बघतो तेव्हा तो लॉकरिंगलाही आपल्याबरोबर ओढतो, आणि आटे उलटे असल्यामुळे ती ओढ लॉकरिंगला सोडवत नाही, उलट आवळते. सगळी खुबी त्या लहान पायरीत आहे.

दुसरा एक जुगाड नेटवर दिसेल, त्यालाही भुलू नका. साध्या फ्रीव्हीलच्या हबवर कॉग बसतो, कारण आटे तेच १.३७ बाय २४ आहेत. त्यावर बॉटम ब्रॅकेटची लॉकरिंगही चढते. दिसायला अगदी बरोबर दिसतं. पण ती रिंग सुलट्या आट्यांची, म्हणजे कॉग सुटेल त्याच दिशेला तीही सुटणार.

वेल्डिंगच्या आचेने फ्रीव्हीलच्या पोलादाचं पाणी उतरतं, दाते नरम पडतात, ते वेगळंच. माझा रोजचा धंदा आट्यांचा आहे. कुणी माझ्या लेथवर असं काम घेऊन आलं तर मी करून देत नाही.

हब घेताना एवढंच बघा: बाहेरची पायरी आहे का, आणि तिचे आटे उलटे आहेत का. नखाने सुद्धा कळतं. फॉर्म्युला, नोव्हाटेक अशा तैवानी कंपन्यांचे हब साध्या वापराला चांगले आहेत.

वाघूरवारा

काका, इतकं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. वेल्डिंगचा विचार सोडला.

सातपुडा_पायडल (शहादा)

काकांच्या प्रतिसादाला +१. मी टायरबद्दल लिहिते, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त त्रास त्याचाच.

आधी माप. दुकानात "२८ इंची टायर द्या" असं म्हणू नका. आपल्या काळ्या सायकलीचा २८ बाय दीड हा टायर ६३५ मिमीच्या रिमचा असतो. रोड आणि ट्रॅक सायकलचं ७००सी चाक ६२२ मिमीचं. दोन्हींना लोक २८ इंचीच म्हणतात, पण व्यासात १३ मिमीचा फरक आहे आणि एकाचा टायर दुसऱ्यावर कधीच बसत नाही. जुन्या रोड सायकलींत २७ इंची म्हणून आणखी एक माप होतं, ते ६३०. म्हणून टायरच्या कडेला बारीक अक्षरात जो आकडा असतो तोच वाचायचा: २५-६२२, २८-६२२, ३२-६२२. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचा व्यास.

तुमची फ्रेम कोणत्या चाकासाठी बनलीय तेही आधी बघा. २७ इंचीची असेल आणि तुम्ही ७००सी चाक लावलं, तर रिम प्रत्येक बाजूने ४ मिमी आत येते आणि ब्रेकचे रबर तेवढे खाली सरकवावे लागतात. बहुतेक वेळा जमतं, पण कॅलिपर (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारा ब्रेक) विकत घेण्याआधी मोजा.

रुंदी: फ्रेममध्ये मावत असेल तर २८ घ्या. ३२ मावत असेल तर मागे बिनदिक्कत ३२. ट्रॅकवर २३ आणि त्याहून बारीक टायर चालतात, पण तिथे लाकूड नाहीतर गुळगुळीत सिमेंट असतं. आपल्याकडे हायवेच्या कडेला खडी, ट्रॉलीतून सांडलेली माती आणि काटे.

काट्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते. सराटा छोटा असतो, त्याला जाड पट्ट्याचा टायर अडवतो. वेड्या बाभळीचा काटा मात्र लांब आणि सरळ असतो. तो उभा घुसला तर कुठलाही पट्टा खात्रीने अडवत नाही. काँटिनेंटलचा गॅटरस्किन, श्वाल्बेचा मॅरेथॉन असे टायर पंक्चर कमी करतात, बंद करत नाहीत. मॅरेथॉन प्लसमध्ये ५ मिमीचा थर असतो, सराट्याच्या पट्ट्यात तो उत्तम. पण तो जड आहे, आणि फिक्स्डवर जड चाक थांबवायचं काम तुमच्या पायांनाच करायचं असतं, हे लक्षात ठेवा.

पंक्चर काढताना हमखास राहून जाणारी गोष्ट: काट्याचं टोक टायरच्या आत मोडून राहतं. वरून दिसत नाही, बोटालाही नेहमी लागत नाही. ट्यूब बदलली की पाच किलोमीटरवर पुन्हा हवा बसते. यावर आपल्याच शेतातला उपाय आहे. कापसाचा बोळा घ्या आणि टायरच्या आतून सगळीकडे हलक्या हाताने फिरवा. जिथे टोक असेल तिथे कापसाचा तंतू अडकून राहतो. मग चिमट्याने ते टोक आतून बाहेर ढकला. मी सीटखालच्या पिशवीत कापूस ठेवतेच.

चाळीसगावकर

वाचनखूण साठवली. ताई, कापसाची युक्ती फारच कामाची.

माझा प्रश्न रेशोचा. आमच्याकडून कन्नड घाट जवळ आहे. फिक्स्डवर घाट चढणं-उतरणं शक्य आहे का?

पांझराकाठ (धुळे)

चढणं शक्य आहे. उतरणं हाच खरा प्रश्न.

रेशो म्हणजे पुढचे दाते भागिले मागचे दाते. तो आकडा दिसायला छोटा असला तरी तुमची सगळी सकाळ ठरवतो. ७०० बाय २८ टायरचा घेर साधारण २.१४ मीटर असतो. ४४ पुढे आणि १७ मागे घेतले तर रेशो २.५९ येतो, म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर ताशी ३० किमी. सपाट रस्त्यावर हे अगदी बरं वाटतं.

आता हेच घाट उतरताना बघा. ताशी ५० किमी वेग पकडला तर पाय मिनिटाला १५० फेऱ्या मारत असतील, आणि फिक्स्डवर पाय थांबवायची सोय नसते. सरावलेला ट्रॅकचा खेळाडू याहून जास्त फिरवतो, पण तो रिकाम्या ट्रॅकवर. घाटात वळण, ट्रक आणि खडी असताना हे करू नये. चाळीसगावकर दादा, घाट करायचाच असेल तर फ्लिप-फ्लॉप हब घ्या: एका बाजूला फिक्स्ड कॉग, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील. वर गेल्यावर चाक उलटं करून लावा, आणि पुढे-मागे दोन्ही ब्रेक ठेवून उतरा. आमच्याकडच्या लळिंग घाटासाठीही माझं हेच म्हणणं आहे.

वाघूरवारा, तुमच्यासाठी मी ४४/१७ किंवा ४६/१७ सुचवतो. लोक सर्रास ४८/१६ घेतात, कारण तयार सायकलींत बहुधा तोच येतो. पण आपल्याकडचा वारा विसरू नका. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. समोरून वारा लागला की जड रेशोवर गुडघे दुखू लागतात, आणि फिक्स्डवर गिअर हलका करायला दुसरा पर्याय नसतो.

१७ सुचवण्यामागे आणखी एक कारण आहे. तुम्ही पाय रोखून मागचं चाक घसटत सायकल थांबवायला शिकलात (शिकालच, मोह होतोच), तर टायर दर वेळी ठरावीक जागीच झिजतो. किती जागी, ते रेशोवरून काढता येतं. अपूर्णांक संक्षिप्त करा, खाली उरलेला आकडा म्हणजे झिजण्याच्या जागा. ४८/१६ चं होतं ३/१. म्हणजे टायरला एकच जागा! एकच पाय पुढे ठेवून घसटणाऱ्याचा टायर तिथे बघता बघता कापडापर्यंत जातो. ४४/१६ चं ११/४, म्हणजे चार जागा. ४६/१६ चं २३/८, आठ जागा. ४६/१७ संक्षिप्त होतच नाही, म्हणून सतरा. वरचा आकडा विषम असेल आणि तुम्ही आलटून पालटून दोन्ही पाय पुढे ठेवत असाल तर जागा दुप्पट होतात. १७ ही मूळ संख्या असल्यामुळे पुढे ५१ सोडून नेहमीच्या वापरातलं कुठलंही चक्र लावा, सतरा जागा मिळतातच.

तरी पुढचा ब्रेक लावाच. ज्याच्या चिमट्याला भोक आहे त्याने ब्रेक लावला नाही तर मला राग येतो, स्पष्ट सांगतो. थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं हलकं होतं. नुसत्या पायांनी थांबायला लागणारं अंतर पुढच्या ब्रेकच्या मानाने कितीतरी जास्त असतं. व्हेलोड्रोमवर ब्रेक काढतात, कारण तिथे सगळ्यांच्याच सायकली बिनब्रेकच्या असतात आणि कुणी अचानक थांबू शकत नाही. ती सुरक्षितता सगळे सारखे असण्यात आहे. आपल्या हायवेवर म्हैस मधे आली तर ती काही वेग जुळवून घेणार नाही.

केळीबाग (रावेर)

मंडळी, फार चांगला धागा. आमच्याकडे आजोबांची काळी सायकल पडून आहे. रॉडचे ब्रेक, जड लोखंडी रिम. मागचे ड्रॉपआउट मागच्या बाजूला उघडे आहेत, म्हणजे चेनचा ताण जमेल. हिचं फिक्स्ड होईल का? आजोबांच्या आठवणीसाठी चालती करायची आहे.

लेथवाला

केळीबाग भाऊ, होईल, पण काय काय बदलावं लागेल ते आधी ऐका.

पहिली गोष्ट रिम. रॉडच्या ब्रेकची रिम वेस्टवूड पद्धतीची असते. तिचे ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला, स्पोकच्या अंगाला दाबतात. तिच्या कडा गोल असतात, कॅलिपर ब्रेकच्या रबराला धरायला सपाट बाजूच नसते. म्हणजे रॉड काढून कॅलिपर लावायचं म्हटलं तर रिमही बदलावी लागते. रॉडचे ब्रेक तसेच ठेवायचे असतील तर ठेवा, निदान पुढचा नीट जुळवून घ्या.

दुसरी गोष्ट, आणि हीच महत्त्वाची: क्रँक, म्हणजे पायडलची दांडी. तुमच्या सायकलचा क्रँक कॉटर पिनने धुऱ्यावर बसवलेला असेल. कॉटर म्हणजे एका बाजूने तासलेली छोटी खिळी. साध्या सायकलवर तिच्यावर एकाच दिशेने जोर येतो. फिक्स्डवर आलटून पालटून दोन्ही दिशांनी. पिन नरम लोखंडाची असेल किंवा तिचा तासलेला भाग धुऱ्यावर पूर्ण टेकत नसेल, तर थोड्याच दिवसांत क्रँक कटकट आवाज करू लागतो आणि पिन चेपत जाते. तसाच चालवत राहिलात तर धुऱ्याचा सपाट भागही खराब होतो, मग नवी पिनसुद्धा बसत नाही.

पिन काढलीत की ती हातात घेऊन उजेडात बघा. तासलेल्या बाजूवर धुऱ्याचा ठसा उमटलेला असतो. ठसा पूर्ण लांबीला, सारखा चमकदार असेल तर बसणी चांगली. एकाच टोकाला रेघ दिसली तर पिनला कानस मारून बसणी जमवायला हवी. हे काम पाच मिनिटांचं आहे, पण नीट करणारे हात आता कमी उरलेत.

माझं मत विचाराल तर आजोबांची सायकल जशी आहे तशीच, फ्रीव्हीलवर चालती करा. सगळे छर्रे बदला, ग्रीस भरा, चाकांचा आऊट काढून घ्या. ती अशीच देखणी दिसते. फिक्स्डसाठी वेगळी फ्रेम बघा.

केळीबाग

पटलं काका. सायकल तशीच ठेवतो. छर्रे आणि कॉटरचं काम करायला तुमच्याकडेच आणतो.

तापीकाठ (भुसावळ)

टायरविषयी मला एक म्हणायचंय. आमच्या भुसावळचं ऊन सगळ्यांना माहीत आहे. मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो. उन्हाळ्यात टायरमध्ये हवा निम्मीच मारावी, नाहीतर टायर फुटतात, असं इथले सगळे पंक्चरवाले सांगतात. ताईंनी हवेच्या दाबाबद्दल लिहिलं नाही म्हणून विचारतो.

सातपुडा_पायडल

दादा, याच्याशी मी सहमत नाही. हिशेब मांडून दाखवते.

बंद जागेतल्या हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. समजा सकाळी २५ अंशांना तुम्ही ७५ पीएसआय भरली. गेजवरच्या आकड्यात बाहेरच्या हवेचे १४.७ मिळवले की खरा दाब ८९.७. टायर तापून ५० अंशांवर गेला तर २९८ केल्विनचे ३२३ झाले, म्हणजे दाब ८.४ टक्क्यांनी वाढला. ९७.२ मधून १४.७ वजा करा, गेजवर दिसतील साधारण ८२ ते ८३. सात-आठ पीएसआयची वाढ. ज्या टायरवर कमाल १०० किंवा ११० छापलेलं असतं तो एवढ्याने फुटत नाही.

उन्हाळ्यात टायर फुटतात हे खरं आहे, पण कारणं दुसरी. जुन्या ट्यूबला लावलेल्या पॅचचा डिंक उष्णतेने नरम पडतो. उन्हात उभ्या राहिलेल्या सायकलच्या टायरच्या कडा तडकतात. घाईत टायर चढवताना ट्यूब रिमच्या कडेखाली चिमटली गेलेली असते, ती तापल्यावर जाते. हवा निम्मी ठेवली तर उलट नुकसान. खड्ड्यात टायर पूर्ण दबतो, रिम ट्यूबला चावते आणि दोन समांतर चिरा पडतात. आपल्या रस्त्यांवर ही पंक्चर काट्यांच्या खालोखाल.

पासष्ट-सत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये पुढे ६५ आणि मागे ७५ च्या आसपास ठीक आहे. ३२ असेल तर दोन्हीकडे दहा-दहा कमी. भर मे महिन्यात पाच कमी ठेवा हवं तर, निम्मी करू नका. आणि सायकल सावलीत लावा.

तापीकाठ

हिशेब समजला ताई. इथल्या पंक्चरवाल्यांनाही वाचून दाखवतो.

बांबू_नाही_पोलाद (पारोळा, सध्या पुणे)

मी मूळचा पारोळ्याचा, नोकरीनिमित्त पुण्यात असतो. बालेवाडीबद्दल विचारलंय म्हणून लिहितो.

ट्रॅक सायकलचे नियम थोडक्यात: एकच फिक्स्ड कॉग, फ्रीव्हील नाही, ब्रेक नाही. म्हणजे तुमची सायकल तिथे न्यायची तर ब्रेक, बाटलीचा पिंजरा, घंटा, सगळं काढून. ब्रेक सहज निघेल अशा पद्धतीने केबल लावा.

क्रँकची लांबी १६५ मिमी घ्या. ट्रॅकच्या तिरक्या वळणावर सायकल हळू असेल तर वरच्या, म्हणजे बाहेरच्या बाजूचं पायडल ट्रॅकला घासू शकतं. पाय थांबवता येत नसल्यामुळे ते वर धरून ठेवायची सोय नसते. लांब क्रँकवर हा धोका वाढतो. दिल्लीच्या इंदिरा गांधी व्हेलोड्रोमसारख्या २५० मीटरच्या लाकडी ट्रॅकवर उतार फारच तीव्र असतो. तिथे तर वेग राखला नाही तर माणूस खाली सरकतो. रस्त्यावर वळताना सायकल आत झुकते, तेव्हा आतल्या बाजूचं पायडल असंच घासू शकतं.

ट्रॅकवर रेशो जड लागतो. ४९/१५ म्हणजे ३.२७. मिनिटाला १२० फेऱ्या मारल्या तर ताशी ४९ किमी. तुम्ही सरावासाठी ४६ चं चक्र घेतलंत तर ट्रॅकच्या दिवशी मागे फक्त १५ किंवा १४ चा कॉग बदलला की काम होतं. त्यासाठी चेन कापताना एक्सलला ड्रॉपआउटमध्ये पुढे-मागे जागा राहील याची काळजी घ्या.

नेटवर वाचताना एनजेएसचा शिक्का असलेले सुटे भाग दिसतील आणि ते घ्यावेसे वाटतील. जपानमध्ये १९४८ साली कोकुरा इथे कैरिनच्या, म्हणजे ट्रॅक सायकलच्या शर्यती सुरू झाल्या. त्यावर लोक पैसे लावतात, म्हणून सगळ्यांच्या सायकली एकसारख्या आणि भरवशाच्या असाव्यात यासाठी हा शिक्का आहे. माल उत्तम असतो यात वाद नाही. सुगिनोचे क्रँक, इझुमीची चेन, सगळं सुंदर. पण तो शिक्का म्हणजे शर्यतीसाठीची मान्यता. नशिराबादच्या रस्त्यासाठी त्याची गरज नाही. त्याच पैशात चांगलं मागचं चाक आणि दोन जोड टायर येतील.

टायरबद्दल ताईंना एक पुरवणी. ट्रॅकवाले ट्यूब टायरमध्येच शिवलेले, रिमला डिंकाने चिकटवायचे टायर वापरतात. रस्त्यावर ते घेऊ नका. भुसावळ रोडवर काटा गेला तर सकाळ तिथेच संपते.

वाघूरवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढी मदत मिळेल असं वाटलं नव्हतं.

ठरवलं ते असं: फ्लिप-फ्लॉप ट्रॅक हब, ३६ भोकांचा. पुढे ४६, मागे १७, ट्रॅकच्या दिवसासाठी १५ चा कॉग वेगळा. पुढचा ब्रेक पहिल्या दिवसापासून. टायर पुढे २८, मागे ३२ मावला तर ३२. पायडलला टो क्लिप (पाय अडकवायचे पिंजरे) आणि पट्टे.

आता उरलेले दोन प्रश्न. ट्रॅक हब १२० मिमीचा असतो आणि माझी फ्रेम १२६ ची. नट आवळून फ्रेम आत दाबू का? आणि जुन्या रोड क्रँकवर, दोन चक्रांच्या जागा आहेत त्यावर, चक्र आतल्या जागी लावू की बाहेरच्या?

लेथवाला

फ्रेम दाबू नका. पोलाद वाकेल, पण ड्रॉपआउट एकमेकांना समांतर राहणार नाहीत आणि नट तिरके बसतील. एक्सलवर दोन्ही बाजूंना ३ मिमी जाडीची एकेक वॉशर घाला. दोन्हीकडे सारखी, म्हणजे चाक मध्यावरच राहील. एक्सल तेवढा लांब आहे ना ते हब घेण्याआधी विचारा. नट पूर्ण चढल्यावर आटे थोडे बाहेर दिसायला हवेत. माझ्याकडे वॉशर कापून मिळतील.

चेनची रेषा: ट्रॅक हबचा कॉग चाकाच्या मध्यापासून साधारण ४२ मिमीवर असतो. रोडच्या दुहेरी क्रँकचं आतलं चक्र साधारण ४१ वर येतं आणि बाहेरचं ४६ वर. म्हणजे आतल्या जागी लावा. फक्त ४६ दात्यांचं चक्र फ्रेमच्या नळीला घासत नाही ना ते आधी धरून बघा. घासत असेल तर ४४ घ्या, पांझराकाठ दादांनी दोन्ही सुचवलेत.

चेन एक अष्टमांश इंची घ्या. कॉग एक अष्टमांश आणि पुढचं चक्र तीन बत्तिसांश असलं तरी ती चेन दोन्हीवर चालते. उलट केलंत, तर तीन बत्तिसांशाची चेन जाड कॉगवर बसणारच नाही. चेनचा ताण मधोमध बोटाने दाबून अर्धा इंच हलेल एवढा ठेवा. क्रँक पूर्ण एक फेरी फिरवून चारी जागी बघा, कारण चक्र थोडं तरी आऊट असतंच आणि एका जागी चेन जास्त ताणली जाते. सगळ्यात ताणलेल्या जागी सुद्धा चेन थोडी हलली पाहिजे.

दर दोन-तीन महिन्यांनी चेनचे १२ इंच मोजा. एका पिनच्या मध्यापासून बारा इंचांवर बरोबर दुसऱ्या पिनचा मध्य यायला हवा. एक षोडशांश इंच पुढे गेला की चेन बदला, म्हणजे कॉग वाचतो.

आणि कॉग बसवताना आट्यांना ग्रीस लावा, चेनव्हिपने (चेनचा तुकडा लावलेल्या पान्याने) आवळा, मग लॉकरिंग हुकच्या पान्याने. नंतर एखाद्या चढावर जोरात पायडल मारून या आणि लॉकरिंग पुन्हा आवळा. पहिल्यांदा बसवल्यावर कॉग चढावर आणखी थोडा सरकून घट्ट होतोच, आणि तेवढी लॉकरिंग ढिली पडते. रविवारी दुपारपर्यंत मी एमआयडीसीत असतो. हब आला की चाक घेऊन या, पहिल्यांदा आपण दोघं मिळून बसवू.

वाघूरवारा

येतो काका. हब आला की इथेच कळवतो.